‘द’ कुठे दडलाय?

‘माय ब्रदर इज वर्किंग इन कंपनी.’ धरमतर खाडीकाठच्या गावांतून पेण-रोह्याच्या कॉलेजांत येणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या वहीत असं वाक्य सहज सापडेल. सर ‘कंपनी’च्या आधी लाल शाईने ‘द’ किंवा ‘अ’ घुसवतात. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. एफवायला पोचेपर्यंत बारा वर्षं झालेली असतात. तरी नेमकी ही इवलीशी अक्षरंच गळतात. डोलवी-वडखळला गप्पा मारताना कुठली कंपनी ते समोरच्याला कळतं. दूर कुठे पेपर तपासणाऱ्याला कसं कळावं? बोलण्यात खपून जातं ते कागदावर उघडं पडतं.

हा निष्काळजीपणा म्हणावा, तर तसं नाही. ‘द’ आणि ‘अ’मधला भेद आपल्याला लहानपणापासून येतो, फक्त मराठीत तो भलत्याच जागी राहतो. ‘दादासाठी मुलगी शोधतोय’ म्हटलं की स्थळं बघणं चाललंय, मुलगी कोण ते ठरायचंय. ‘मुलीला शोधतोय’ म्हटलं की ठरावीक मुलगी, बहुधा पेणच्या बाजारात चुकलेली. एकट्या ‘ला’ने काम केलं! आणि ‘ला’ नसेल तिथे? ‘अंगणात कुत्रा आलाय’ म्हणजे कुठला तरी. ‘कुत्रा अंगणात आलाय’ म्हणजे आपला, नाहीतर मघाचाच. शब्द तेच, नुसती जागा बदलली. हे शाळेत कुणी शिकवलेलं नाही, तरी कुणी चुकत नाही.

इंग्रजीला ही चैन परवडत नाही. तिथे आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. जागा हलवली तर कुत्रा माणसाला चावला की माणूस कुत्र्याला, इथूनच घोळ. म्हणून ओळखीचं-अनोळखी दाखवायचं ओझं ‘द’ आणि ‘अ’वर पडलं. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र नामांना विभक्तिप्रत्यय होते, शब्द बरेच मोकळे हलत आणि ‘अ’ हे उपपद नव्हतंच. पुढे ‘एक’ या अर्थाचा शब्द झिजून ‘अ’ झाला, ‘तो’ या अर्थाच्या शब्दातून ‘द’ आला. आपला विद्यार्थी ‘एक मुलगा आला’ मनात धरून ‘वन बॉय केम’ लिहितो आणि लाल रेघ खातो, तेव्हा बिचारा इंग्रजीच्याच जुन्या वाटेने चाललेला असतो.

१९६७ साली पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकाने हेच मांडलं: चुकांमधून शिकणाऱ्याच्या डोक्यात आकार घेणारे नियम दिसतात. त्यातही सगळा दोष मातृभाषेचा नसतो. आपली मुलं ‘कॅच’चा भूतकाळ ‘कॅच्ड’ करतात, तसाच तो लंडनमधली चिमुरडीही करतात. आणि आपल्याकडची तीन वर्षांची पोरं ‘मी केलं’ न म्हणता खुशाल ‘मी करलं’ म्हणतात.