ओव्हलशेजारचं दुकान

वाडेकरांच्या संघानं १९७१ साली कसोटी जिंकली ते लंडनचं ओव्हल मैदान आपल्याला ठाऊक असतं, मागच्या गॅसच्या अवाढव्य टाक्यांसकट. या टाक्यांना लागूनच ओव्हल मॅन्शन्स ही जुनी इमारत. तिथलं घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचं एक दुकान बंद पडलं होतं. १९८८मध्ये त्यात गॅलरी सुरू झाली आणि नावही दुकानाचंच राहिलं: सिटी रेसिंग. मॅट हेल, पॉल नोबल, जॉन बर्जेस, कीथ कॉव्हेंट्री आणि पीटर ओवेन या पाच कलावंतांनी ती दहा वर्षं चालवली.

त्याच वर्षी डेमियन हर्स्ट या कलावंतानं गोदीतल्या एका ओसाड इमारतीत 'फ्रीझ' हे प्रदर्शन भरवलं. त्याला प्रायोजक होते, छापील कॅटलॉग होता, कलासंग्राहक चार्ल्स साची येऊन गेले. ब्रिटिश कलेचा इतिहास सांगणारे तिथूनच सुरुवात करतात. मला मात्र ओव्हलचं दुकान जास्त मोलाचं वाटतं. फ्रीझ काही आठवड्यांत आटोपलं. इथे महिन्यामागून महिने कुणाचं ना कुणाचं काम लागत राहिलं. सुरुवातीला स्वतःचं, मग ओळखीपाळखीच्या, अजून नाव न झालेल्यांचं.

हे जमलं ते मुख्यतः भाडं नव्हतं म्हणून. जागा रिकामी होती, हे पाच जण आत शिरले. रिकाम्या जागेत असं शिरून राहणं इंग्लंडात तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता. राहत्या इमारतींपुरता तो २०१२ साली झाला. भाडं नसलं की चित्र विकलं जाण्याची घाई नसते, आणि गिऱ्हाईक न मिळणारं कामही बिनधास्त लावता येतं.

सारा लुकासचं पहिलं एकल प्रदर्शन इथलं, १९९२चं. पुढच्या वर्षी जिलियन वेअरिंगचं. तिनं लंडनच्या रस्त्यांवर अनोळखी माणसांना थांबवून मनात असेल ते कागदावर लिहायला सांगितलं आणि तो कागद हातात धरलेले त्यांचे फोटो काढले. सुटाबुटातला एक तरुण गालातल्या गालात हसतोय, नोकरीपाणी उत्तम असावं असा. कागदावर त्यानं लिहिलंय की तो अगदी हताश आहे. तो हसरा चेहरा आणि ती ओळ यांचा मेळ आजही लागत नाही. १९९७मध्ये वेअरिंगला टर्नर पुरस्कार मिळाला; पार्लमेंट स्क्वेअरमधला, स्त्री-मताधिकारासाठी लढलेल्या मिलिसेंट फॉसेट यांचा पुतळाही तिचाच.

गॅलरी चालवणाऱ्यांचं नाव उशिरा झालं. कॉव्हेंट्री सरकारी वसाहतींचे नकाशे अमूर्त चित्रकार मालेविचच्या थाटात रंगवत. नोबल पेन्सिलीनं एक काल्पनिक शहर रेखाटत बसले, आणि २०१२मध्ये टर्नरच्या अंतिम यादीत आले. गॅलरी तोवर कधीच मिटली होती. १९९८मध्ये शटर पाडलं, २००२मध्ये तिच्यावर पुस्तक निघालं.