टेनिस एल्बो आणि चिनी मर्दन

टेनिसची रॅकेट कधींही न धरलेल्या, परंतु नित्य धुणें पिळणाऱ्या गृहिणीसही टेनिस एल्बो जडतो. १८७३ सालीं रुंगे या जर्मन वैद्यानें त्याचें वर्णन केलें, तेंही लेखनानें जडणारें दुखणें म्हणून! मनगट उचलणाऱ्या स्नायूची कंडरा कोपराच्या बाहेरील हाडास जेथें चिकटते, तेथें ती झिजते.

चीनमध्यें यावर 'तुइना' करतात. तुइ म्हणजे ढकलणें, ना म्हणजे पकडणें. वैद्य आधीं कोपराखालील हात आपल्या हाताच्या पाठीनें लाटल्यासारखा रगडतो. मग कोपराच्या घडीच्या बाहेरील टोकाचें 'छूची' हें स्थान अंगठ्यानें मळतो. ताठरलेले स्नायु सैलावतात, वेदना कांहीं काळ उणावते. झिजलेली कंडरा मात्र मर्दनानें सांधत नाहीं. बहुतेकांचें कोपर वर्षभरांत आपोआपच बरें होतें, म्हणून मर्दनास श्रेय देतांना हात आखडता घ्यावा. धुणें पिळण्याचें काम तेवढे दिवस घरांतील पुरुषांनीं करावें.