मोऱ्याची लाँच आणि थकलेलं भाडं

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच पकडली की साधारण तासाभरात माणूस उरणच्या किनाऱ्याला लागतो. एवढ्याशा पाण्यात थकलेल्या भाड्याचा कायदा उलटा होतो, हे किती जणांना ठाऊक असेल?

१८८२ चा प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायदा उघडा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीनच शहरांसाठी त्यात आठवं प्रकरण लिहिलंय. घरमालकाने प्रतिज्ञापत्र करायचं, 'डिस्ट्रेस वॉरंट' मागायचं आणि बेलीफने जाऊन सामान जप्त करायचं. आधी जप्ती, भांडण मग! थकबाकी तेवढी बारा महिन्यांपेक्षा जुनी नको.

खरी गंमत पुढे आहे. जप्ती फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. घराचं बाहेरचं दार उघडं असलं तर बेलीफ आत जाणार, आत गेल्यावर खोलीचं दार फोडायलाही त्याला मुभा. पण रूढीने बायकांसाठी राखलेल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. जरुरीपुरते कपडे सोडायचे. आणि त्या क्षणी माणसाच्या हातात प्रत्यक्ष वापरात असलेली वस्तू घ्यायची नाही. म्हणजे शिंपी कापड कापत असला तर कात्री वाचली. खाली ठेवली की भरवसा नाही.

मग पाच दिवसांची मुदत. तेवढ्यात भाडेकरूने, किंवा 'हे कपाट माझं आहे, त्याचं नाही' म्हणणाऱ्या तिसऱ्याने, कोर्ट गाठायचं. नाहीतर किंमत ठरवून लिलाव. हे पाच दिवस बरेच जुने आहेत. इंग्लंडच्या १६८९ च्या कायद्यातही ते सापडतात. त्याआधी तिथला घरमालक सामान अडकवून ठेवू शके, विकू शकत नसे. गंमत म्हणजे त्या मूळ घरी ही जुनी पद्धत एप्रिल २०१४ मध्ये मोडीत निघाली. राहत्या घराच्या भाड्यासाठी अशी जप्ती आता तिथे होत नाही.

१८८२ चा कायदा मात्र त्या तीन शहरांपुरताच, त्यामुळे पाण्यापलीकडच्या मोऱ्याच्या घरमालकाला हा आखूड रस्ता कधीच नव्हता. त्याने आधी दावा लावायचा, हुकूमनामा मिळवायचा, मग वसुलीची दरखास्त. स्वतःच कुलूप ठोकून टीव्ही उचलून नेला तर तोच गोत्यात यायचा. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता तर जास्तच हळवी: स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बी-बियाणं जप्तीबाहेर. धर्मरूढीने बाईला उतरवता येत नाहीत ते दागिनेही. मंगळसूत्र हे त्याचं उघड उदाहरण. जंगम मालाच्या लिलावाआधी जाहीरनामा आणि किमान सात दिवस. घरमालकाला स्वतः बोली लावायची तर कोर्टाची परवानगी हवी. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, नाहीतर भाडेकरूचा फ्रीज चिल्लर किमतीत मालकाच्याच स्वयंपाकघरात जायचा. वसुली आणि खर्च भागून पैसे उरले तर ते भाडेकरूचे.

एकाच मालापुढे संहितेची ही सगळी सबुरी संपते: जो लवकर नासतो, किंवा ज्याला सांभाळायचा खर्च किमतीपेक्षा जास्त. तो जप्त करणारा अंमलदार तिथल्या तिथे विकू शकतो. मोरा हे मासळीचं बंदर. गाळ्याचं भाडं थकलंय आणि आत बर्फात बोंबील-कोळंबीचे खोके आहेत, अशी जप्ती निघाली तर सात दिवस कोण थांबणार!