तंतू वाचले, तरी धीर हवा

1981 मध्ये अमेरिकी शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडेनला निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांना भेटले. डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकांचं शवविच्छेदन करत असत. प्रौढांच्या शरीरात चरबीत हरवणारे मज्जातंतू तिथे लख्ख दिसत. लिंगाला ताठरता देणारे तंतू प्रोस्टेटच्या आतून नव्हे, तर आवरणाच्या बाहेरून जातात, हे दोघांनी पाहिलं. म्हणजे कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढावी लागली, तरी ते राखता येतील! 1982 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्श यांनी ते करून दाखवलं. कॅन्सर आवरणाबाहेर गेला असेल, तर मात्र त्या बाजूचे तंतू सहसा काढावे लागतात.

राखलेले तंतूही शस्त्रक्रियेत ताणले जातात आणि सुन्न पडतात. ते पूर्ववत व्हायला कधी कधी दोन वर्षं लागतात. हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच, पत्नीलाही सोबत बसवून, सांगायला हवं. नाहीतर चौथ्या महिन्यातच माणूस आशा सोडतो आणि घरात अबोला सुरू होतो.

शस्त्रक्रियेनंतर गेलेला लघवीवरचा ताबा बहुतेकांना ताठरतेआधी परत मिळतो. त्यासाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करायचे: वायू रोखताना जे स्नायू आवळतो, ते काही सेकंद आवळून तितकाच वेळ सैल सोडायचे. पोट, मांड्या, श्वास मोकळे ठेवायचे. हा व्यायाम शस्त्रक्रियेआधीच शिकून घ्यावा. लघवीची नळी लावलेली असताना मात्र करू नये. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शनं आहेत. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी या गोळ्या घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.