शेळी खाणार नाही, उन्हात वाळणार नाही अशी अंगणातली पानं

गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, शिल्लक हे झालं की चहाबरोबर ज्या गप्पा निघतात, त्यातला एक विषय आज घेऊन आलो आहोत. घरापुढं चार हिरवी पानं असावीत असं प्रत्येकीला वाटतं. पण जास्वंद लावली की शेळी खाते. गुलाब लावला तर काट्यांसकट ओरबाडते. शेवगा तर वीतभर वाढला की संपलाच. जे शेळीच्या तडाख्यातून वाचतं ते मार्च-एप्रिलात पाण्यावाचून जातं. मग बाई म्हणते, जाऊ दे, आपल्या नशिबात अंगण नाही.

आपला हा सगळा कर्जत, जामखेड, करमाळ्याकडचा पट्टा कमी पावसाचा. वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही ठरल्या वेळी येईल याचा भरवसा नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. त्या बाजूच्या वस्त्यांवर हरणांचा कळप पिकात उतरतो हे तुम्हाला सांगायला नको. काळवीट मुख्यतः गवतावर जगतं, पण उन्हाळ्यात गवत वाळलं की कुंपणाकडचा हिरवा पालाही त्याला चालतो. विदर्भात जंगलाच्या कडेला राहणाऱ्या बायांना चितळ आणि रोह्यांचा हाच त्रास आहे. तरी खरं सांगायचं तर अंगणातली पहिली चोर आपलीच शेळी. त्यामुळे जे शेळीपुढं टिकलं, त्याकडं हरीणही सहसा फिरकत नाही, हा हिशेब धरायला हरकत नाही.

आता गंमत बघा. झाड पाणी वाचवायला जे करतं, त्यातलं बरंचसं जनावराला नको असतं. पान जाड आणि चिवट झालं की त्यातलं पाणी लवकर उडत नाही, आणि ते चावायलाही जड जातं. पानात वासाचं तेल भरलं की जनावर नाक फिरवतं. म्हणून माळावर, ओढ्याच्या काठाला, चरून उघड्या झालेल्या बांधावर मे महिन्यात काय हिरवं उरलंय ते नीट बघायचं. आपल्या अंगणासाठीची यादी तिथंच उभी असते. नर्सरीत जायचं ते त्यानंतर.

अशा झाडांत आमचा पहिला कौल अडुळशाला. बारा महिने गर्द हिरवा, कमरेपासून डोक्यापर्यंत उंच होतो, आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला जून फांदीची वीतभर काडी खोचली तरी फुटते. दरवर्षी एकदा छाटला की खालून दाट होतो. खोकल्याला त्याचा काढा आपण देतो, पण गरोदर बाईनं तो घेऊ नये, एवढं लक्षात ठेवा. त्याच्या जोडीला निरगुडी. तिची पानं वरून हिरवी आणि खालून पांढुरकी, वारा आला की सगळं झाड रुपेरी दिसतं. धान्याच्या कणगीत किडीसाठी आपण जो पाला घालतो तो हिचाच. जो वास किड्याला नको, तो शेळीलाही नको. निरगुडीला जांभळट निळी फुलंही येतात, त्यावर मधमाश्या असतात.

ज्यांना कातरून ठेवलेलं, शाळेपुढं असतं तसं नीटस कुंपण हवं, त्यांनी कोयनेल लावावी. काही ठिकाणी तिला कडू मेंदी म्हणतात, आणि नावातच सगळं आलं. दोन काड्यांत वीतभर अंतर ठेवून ओळ लावायची आणि पहिल्या वर्षी तीन-चार वेळा शेंडे खुडायचे. शेंडा खुडला नाही तर ती वरच वर पळते आणि खाली जनावर घुसायला भगदाड राहतं.

बांधाकडच्या बाजूला घायपात. मूळची मेक्सिकोची, पण आता तिला परकी कोण म्हणेल? तिच्या पानांचा वाख काढून दोर वळतात. निळसर राखाडी पानांचा तो मोठा गुच्छ रेताड मुरमाड जागेतही नुसता शोभून दिसतो. तो राखाडी रंग म्हणजे पानावरचा मेणाचा थर. ऊन परतवायचं आणि आतलं पाणी धरून ठेवायचं, हे त्याचं काम. पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा असतो. लहान मुलं खेळतात त्या बाजूला लावूच नका, आणि वाटेकडच्या पानांची टोकं विळ्यानं उडवा. तिचा रस अंगाला लागला की खाज सुटते. बऱ्याच वर्षांनी एकदाच उंच दांडा येऊन ती फुलते आणि मग मरते. तोवर बुडाशी पिलं झालेली असतात, काळजी नाही.

दाराजवळ कोरफड तर बहुतेकींकडं आहेच. ती उन्हाळा कसा काढते ते ऐकण्यासारखं आहे. झाडाच्या पानाला बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आत येते आणि पाणी बाहेर उडतं. बहुतेक झाडं ती दिवसा उघडतात. कोरफड दिवसा दारं लावून घेते आणि रात्री गारव्याला उघडते. घायपातही तेच करते. म्हणून त्यांना रोज पाणी घातलं की उलट बूड कुजतं. कोरफड मेली असं जेव्हा ऐकू येतं, तेव्हा बहुतेक वेळा ती तहानेनं नाही, मायेनं मेलेली असते. पानाच्या सालीखाली पिवळा कडू चीक असतो, त्याचाच सुकवून काळा बोळ होतो. ती कडू चव जनावराला एकदा कळली की पुरे.

रंगासाठी आणखी दोन झाडं सांगतो. एक, नर्सरीत स्नेक प्लांट म्हणतात ते, उभ्या तलवारीसारख्या पानांचं, कडेला पिवळी पट्टी असलेलं. मैत्रिणीकडून आणताना कंदाचा तुकडा मुळांसकट मागा. नुसतं पान कापून लावलं तरी रोप येतं, पण नव्या रोपाला पिवळी पट्टी येत नाही, साधं हिरवं निघतं. दुसरं, जमिनीवर पसरणारं जांभळ्या पानांचं. त्याच्या कांडीला दोन पेरं असली तरी रुजते. सावलीत ठेवलं तर हिरवट पडतं, उन्हात ठेवलं तर वांग्यासारखं जांभळं होतं. त्याच्या कडेला पानओवा लावा, त्याच्या लवदार पानांचा वास शेळीला आवडत नाही आणि भजी आपल्याला आवडतात.

आता जरा सावध ऐका. जनावर एखादं झाड खात नाही, याचा अर्थ त्यानं ते खाल्लं तरी चालेल असा नाही. कण्हेर बघा. रस्त्याच्या दुभाजकावर वर्षभर हिरवी उभी असते, पाणी मागत नाही, कुणी खात नाही. म्हणून लोक ती हौसेनं दारात लावतात. पण कण्हेरीचं पान, फांदी, मूळ, सगळं विषारी आहे आणि वाळल्यावरही विष जात नाही. मूठभर पानं शेळीचा जीव घ्यायला पुरतात. आपल्या कळपातली शेळी ती टाळते, कारण करडू आईमागं चरताना काय खायचं आणि काय नाही ते शिकतं. बाजारातून नवी आणलेली, दुसऱ्या मुलखातली शेळी ते शिकलेली नसते. तिला दोन दिवस उपाशीपोटी कण्हेरीजवळ बांधली, किंवा छाटलेल्या फांद्या गोठ्याच्या कडेला टाकल्या, की घात होतो. दुष्काळात भुकेलं जनावर तर नेहमी टाळलेलंही खातं. एक शेळी म्हणजे कित्येकींची वर्षाची बचत असते. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीही तशीच, आणि तिच्या बिया मुलं खेळायला घेतात. या दोन्ही अंगणात नकोत, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधीच असतील तर छाटलेलं सगळं पुरून टाका, चुलीत घालू नका, धूरही वाईट. जनावरानं खाल्ल्याची शंका आली तर सकाळची वाट न बघता पशुवैद्यकाला बोलवा.

पानफुटीही गुरांना बाधते, ती उंच कुंडीत ठेवा. शेराचं कुंपण टिकाऊ असलं तरी त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते, रुईच्या चिकाचंही तेच. असा चीक उडालाच तर डोळा स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. घाणेरी तर आणूच नका. गुरांना विषारी, आणि एकदा शिरली की शेत-माळ गिळते.

लावायची वेळ पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर. फूटभर खड्डा, तळाशी थोडा मुरूम, वर माती आणि मुरलेलं शेणखत. एक गोष्ट मात्र नक्की करा. पहिलं वर्ष बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्यांचा घेर घाला. शेळी नवं झाड आवडत नसलं तरी चाखून बघते, आणि चाखताना मुळासकट उपटते. भांडी धुतलेलं पाणी चालतं. कपड्यांचं साबणाचं पाणी रोज एकाच बुडाशी ओतलं की माती खारवते, ते फिरवून घाला. बुडाशी उसाचं पाचट किंवा पालापाचोळा चार बोटं पसरा, खोडाला चिकटवू मात्र नका. अडुळसा, निरगुडी आणि कोयनेल यांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन तांबे लागतील. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा बघितलं तरी भागतं.

सगळ्यांनी सगळं विकत आणायची गरज नाही. एका गटात दहा-वीस बाया असतात आणि कुणाच्या परड्यात काय आहे ते एकमेकींना ठाऊक असतं. मृगाच्या आधीच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्याकडच्या चार काड्या किंवा दोन पिलं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावीत. अडुळशाची काडी बोटाएवढी जाड असू द्या, कोवळा शेंडा आणू नका, तो कुजतो.