नानकटाई व शीतपिठाची बिस्किटे

नानकटाई : मैदा, पिठीसाखर व तूप यांच्या घट्ट गोळ्यापासून भट्टीत भाजून केलेला खुसखुशीत गोड पदार्थ. ‘नान’ हा फार्सी शब्द रोटी वा पाव या अर्थाचा असून ‘खताई’ या उत्तरपदाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. सतराव्या शतकात सुरतेस डचांची वखार होती. त्यांच्या भट्ट्या पुढे पारशी कारागिरांकडे आल्या व तेथे सुकवलेल्या पावापासून या पदार्थाचा विकास झाला, असे परंपरेने सांगितले जाते. महाराष्ट्रात इराणी व इतर बेकऱ्यांमुळे तिचा प्रसार झाला. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेल्या कयानी बेकरीची श्रूझबरी बिस्किटे याच वर्गात मोडतात. मळलेले पीठ थंड ठेवून सवडीने भाजण्याची रीत अमेरिकेत शीतपेट्यांच्या प्रसाराबरोबर रूढ झाली. तीच पद्धत नानकटाईस व तत्सम बिस्किटांस उपयुक्त ठरते.

घटक : वजनाने साधारणतः दोन भाग मैदा, एक भाग तूप व एक भाग पिठीसाखर असे प्रमाण घेतात. काही ठिकाणी मैद्यात थोडा रवा वा बेसन मिसळतात. तूप व साखर एकत्र फेसल्याने मिश्रणात हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरले जातात. तुपाचा थर पिठाच्या कणांभोवती बसतो व पाणी अत्यल्प असते, त्यामुळे ग्लुटेनचे जाळे नीट तयार होत नाही. पाव चिवट व नानकटाई ठिसूळ असते, याचे कारण हेच. मिश्रण फुगण्यासाठी खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर किंवा बेकरीवाले ज्यास नुसते ‘अमोनिया’ म्हणतात ते अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. सोडा व दही यांची प्रक्रिया मिसळताक्षणीच सुरू होते. म्हणून पीठ साठवावयाचे असल्यास, जिची काही क्रिया उष्णता लागल्यावरच घडते अशी बेकिंग पावडर अधिक सोयीची असते.

पीठ थंड करण्याची आवश्यकता : लोणी सु. ३२° ते ३५° से. तापमानास वितळते. वनस्पती तुपाचा वितळबिंदू साधारणपणे ३१° ते ४१° से. दरम्यान असतो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी व त्या परिसरात उन्हाळी तापमान ४०° से. ओलांडते. अशा हवेत तूप पिठातून सुटू लागते, गोळे पसरट होतात आणि भट्टीत ते एकमेकांस चिकटतात. पीठ अर्धा ते एक तास थंड ठेवल्यास तूप पुन्हा गोठते, मैदा ओलावा शोषून घेतो व भाजताना कडा घट्ट होईपर्यंत आकार टिकतो. सुट्टीत वा दिवाळीपूर्वी घरचे सामान बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक गावांत आहे. तेथे पाळी येईपर्यंत पीठ तिष्ठत राहते. म्हणून ते सावलीत, झाकून व शक्यतो थंड ठेवणे हिताचे असते.

प्रशीतक उपलब्ध नसल्यास पिठाचा डबा पाण्याने भिजवलेल्या कापडात गुंडाळून वाऱ्यात ठेवतात. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे त्याचे तापमान तूप घट्ट राहील इतके उतरू शकते. पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र हा उपाय फारसा लागू पडत नाही. या रीतीने पिठाचा आकार सांभाळता येतो, परंतु ते टिकवून ठेवता येत नाही.

पिठाची साठवण : पिठाची लांबट वळी करून ती हवा न लागेल अशी गुंडाळतात, कारण तूप आजूबाजूचे वास चटकन शोषते. सु. ४° से. तापमानास असे पीठ तीन-चार दिवस व −१८° से. तापमानास दोन-तीन महिने चांगले राहते. वीज बराच वेळ खंडित होऊन दही, दूध वा अंडे घातलेले पीठ दोन तासांहून अधिक काळ कोमट राहिल्यास ते टाकून द्यावे. कच्चे पीठ चाखणेही धोक्याचे असते. भाजण्यापूर्वी मैदा निर्जंतुक नसतो. अमेरिकेत २००९ मध्ये शीत बिस्किटपीठ कच्चे खाल्ल्याने सत्तरांहून अधिक लोकांना ई. कोलाय या जंतूची बाधा झाली व त्या प्रकरणी मैद्यावरच संशय घेण्यात आला.

भाजणी : वळीच्या सु. १ सेंमी. जाडीच्या चकत्या कापून किंवा लहान गोळे किंचित दाबून पत्र्यावर अंतर सोडून मांडतात. भट्टी आधी १६०° ते १८०° से. पर्यंत तापवून १५ ते २० मिनिटे भाजतात. थंड पिठास दोन-तीन मिनिटे अधिक लागतात. आरंभी तूप वितळते, वायू सुटून गोळा फुगतो व वर चिरा पडतात. नंतर ओलावा निघून जातो, प्रथिने व शर्करा यांच्या प्रक्रियेने रंग व सुवास येतो. भट्टीतून काढतेवेळी नानकटाई मऊच लागते व निवल्यावर कडक होते. म्हणून भाजणीची पारख बोटाने दाबून न करता तळाच्या व कडेच्या फिकट तांबूस रंगावरून करतात.

तयार मालाची साठवण : पूर्णपणे निवल्यावरच नानकटाई कोरड्या, हवाबंद डब्यात भरतात. गरम असताना भरल्यास वाफ आतच थिजून ती मऊ पडते व बुरशी येऊ शकते. दमट हवेने मऊ पडलेली नानकटाई १५०° से. तापमानास सु. पाच मिनिटे पुन्हा भाजल्यास कुरकुरीत होते. खवटपणा मात्र भाजून जात नाही. तो तुपाच्या ऑक्सिडीभवनामुळे येतो. उष्णता व प्रकाश यांमुळे तो वाढतो. यास्तव डबा अपारदर्शक असावा व चुलीपासून दूर ठेवावा. चांगल्या तुपात केलेली व नीट साठवलेली नानकटाई दोन ते तीन आठवडे टिकते. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्ले हृदयास अपायकारक असल्याने भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्य वसांतील त्यांचे प्रमाण कमाल २ टक्के असे ठरविण्यात आले आहे.