बलाढ्य मोटारीचा क्लच : निवड आणि जोडणी

मोटारीची थोरवी सांगतांना लोक तिच्या अश्वशक्तीचा आकडा सांगतात. इंजिनांत किती बळ निर्माण होतें तें त्यावरून कळतें खरें. पण तें बळ चाकांपर्यंत पोंचतें कीं वाटेंतच जळून जातें, हें ठरविणारी वस्तु निराळीच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्यें, दृष्टीआड दडून बसलेली क्लचची थाळी ती ही. इंजिनाची शक्ति वाढविण्याचा छंद ज्यांस जडतो ते या थाळीचा विचार बहुधा सर्वांत शेवटीं करतात, आणि पहिला भुर्दंड मात्र तिच्याच पायीं सोसतात.

टोयोटा कंपनीच्या १९९३ सालीं निघालेल्या सुप्रा गाडीचें उदाहरण घेऊं. तिचें सहा सिलिंडरांचें, तीन लिटरांचें, दोन टर्बो जोडलेलें इंजिन अमेरिकेंतील विक्रीसाठीं ३२० अश्वशक्तीचें होतें. त्याचा बिडाचा ठोकळा इतका भक्कम निघाला कीं, टर्बो बदलून लोकांनीं त्यांतून दुपटीहून अधिक शक्ति काढली. २००१ सालच्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटानंतर तर ही गाडी तरुणांच्या गळ्यांतील ताईतच झाली. परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या घरांतील एखादा चिरंजीव अशी जुनी सुप्रा दाराशीं आणून उभी करील, तर वडीलधाऱ्यांनीं रागें भरण्यापूर्वीं त्याच्याशीं क्लचविषयीं चार शब्द बोलावे, एवढ्यासाठीं हा प्रपंच.

मूळचा क्लच अपुरा पडूं लागला हें ओळखणें सोपें आहे. वरच्या गिअरांत पूर्ण जोर दिला असतां इंजिनाचे फेरे वाढतात, गाडीचा वेग वाढत नाहीं, आणि पाठोपाठ करपल्याचा वास येतो. आतां नवा क्लच घ्यावयाचा, तर अश्वशक्तीचा आकडा घेऊन दुकानांत जाऊं नये. क्लचला अश्वशक्ति कळत नाहीं. त्याला कळतो तो पीळ, ज्यास यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात. मिनिटास ६००० फेऱ्यांवर ६७५ अश्वशक्ति देणाऱ्या इंजिनाचा टॉर्क सुमारें ८०० न्यूटन-मीटर भरतो. तीच अश्वशक्ति ८००० फेऱ्यांवर मिळत असेल, तर तो ६०० च भरेल. सुप्राचा मूळचा टॉर्क होता सुमारें ४२७.

क्लच किती टॉर्क पेलेल याचा हिशेब शाळकरी मुलासहि जमेल. घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, थाळीची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठांची संख्या यांचा गुणाकार करावा. समजा, गुणांक ०.३, दाब ८००० न्यूटन, त्रिज्या ०.१ मीटर आणि पृष्ठें दोन. गुणाकार ४८० न्यूटन-मीटर. म्हणजे ८०० च्या इंजिनापुढें हा क्लच टिकावयाचा नाहीं. त्रिज्या वाढवावी तर कवचांत जागा नसते. उरले तीन उपाय, आणि प्रत्येकाची किंमत निरनिराळी.

दाब वाढविला तर पेडल जड होतें. रहदारींत तासभर अडकल्यावर डावी पोटरी त्याची साक्ष देते. शिवाय पेडल दाबलें असतां तो सारा रेटा क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर पडतो. थाळीला सिरॅमिक गुट्ट्या बसविल्या तर घर्षण वाढतें. पण असा क्लच हळुवार धरीत नाहीं, एकदम पकडतो, आणि गाडी हिसका देऊन निघते. मागें आजीबाई बसल्या असतील तर त्या दुसऱ्या खेपेस बसावयाच्या नाहींत! तिसरा उपाय दोन थाळ्यांचा. पृष्ठें दोनाचीं चार झालीं कीं वरच्या उदाहरणांतील ४८० चे ९६० होतात. दाब तोच, पेडलहि तसेंच. किंमत मात्र बरीच पडते, आणि गाडी उभी असतांना थाळ्यांचा थोडा खडखडाट ऐकूं येतो. रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीस, माझ्या मतें, साध्या अस्तराच्या दोन थाळ्याच बऱ्या. ‘स्टेज एक’, ‘स्टेज तीन’ या जाहिरातींतील पदव्यांवर विसंबूं नये; त्यांस सर्वमान्य असें कांहीं मोजमाप नाहीं, प्रत्येक कारखानदाराच्या पायऱ्या वेगळ्या. टॉर्कचा आकडा विचारावा, आणि आपल्या गरजेहून तो थोडा अधिक असावा. फारच अधिकहि नको. न घसरणारा क्लच प्रत्येक धक्का पुढें गिअरबॉक्सकडे ढकलतो, आणि सुप्राचा सहा गतींचा गेट्राग गिअरबॉक्स आतां दुर्मिळ आणि अतिशय महाग झाला आहे.

फ्लायव्हीलच्या बाबतींत काटकसर करूं नये. बिडाचें चाक फार वेगानें फिरविलें तर फुटूं शकतें आणि त्याचे तुकडे गाडीचा तळ भेदून आंत येतात. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांसाठीं अमेरिकेंत एसएफआय संस्थेनें फ्लायव्हील व क्लच यांकरितां १.१ आणि तुकडे अडविणाऱ्या कवचाकरितां ६.१ हे दंडक घालून दिले आहेत. वेगानें फिरणारें लोखंड काय करतें तें डॉन गार्लिट्स या प्रख्यात शर्यतपटूनें सोसलें आहे. १९७० च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियांत त्यांच्या गाडीची गतिपेटी फुटली आणि उजव्या पावलाचा भाग गेला. त्यानंतर त्यांनीं इंजिन चालकाच्या पाठीमागें असलेली गाडी बांधिली.

जोडणींत बळापेक्षां स्वच्छता मोठी. गाडी भक्कम स्टँडांवर उभी करावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणींहि तिच्याखालीं जाऊं नये. गिअरबॉक्स उतरल्यावर प्रथम क्रँकशाफ्टच्या मागील सीलमधून तेल पाझरतें का तें पाहावें. तें पाझरत राहिलें तर नवी थाळी वायां गेलीच. फ्लायव्हील जुनेंच ठेवावयाचें असेल तर त्याचा चेहरा यंत्रावर सपाट करून घ्यावा. पायलट बेअरिंग व रिलीज बेअरिंग स्वस्त असतात, तीं याच वेळीं बदलावीं. थाळीची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, हें तिच्यावर लिहिलेलें असतें. तें दोनदां वाचावें. पृष्ठांना बोटें लागूं देऊं नयेत. थाळी मध्यावर धरण्याचा दांडा घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करीत आंवळावे, आणि शेवटचा पीळ टॉर्क-पान्यानेंच द्यावा. गिअरबॉक्स चढवितांना त्याचें ओझें थाळीवर लोंबकळूं देऊं नये; आपण होऊन बसत नसेल तर बोल्टांनीं खेंचूं नये, पुन्हां काढून मध्य तपासावा. हायड्रॉलिक नळींतील हवा काढून झाल्यावर पेडलला किंचित् मोकळीक आहे ना, याची खात्री करावी. ती नसेल तर क्लच कधींच पुरता मिटत नाहीं आणि नवा असूनहि घसरतो.

यापुढील काम संयमाचें. अस्तर आणि फ्लायव्हील यांचीं पृष्ठें एकमेकांस बसेपर्यंत बहुतेक कारखानदार सुमारें ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर, गांवांतल्या गांवांत, थांबत निघत, मंद जोरानें गाडी चालविण्यास सांगतात. सरळ महामार्गावर एकाच गिअरांत तोडलेले मैल यांत धरूं नयेत, कारण तेथें क्लच वापरलाच जात नाहीं. भाजी आणणें, मुलांना शाळेंत पोंचविणें, स्टेशनवरून पाहुण्यांना आणणें हीं कामें त्या महिन्यांत चिरंजीवांकडेच सोंपवावीं.